पगाराची तारीख

पैशाविषयी बोलणाऱ्या दोन म्हणी मराठीत अशा आहेत, की त्या आपण सहसा एका श्वासात उच्चारत नाही. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही पहिली. ती घरात सांगितली जाते, वडीलधाऱ्यांच्या तोंडी शोभते आणि ऐकणाऱ्याला काटकसरीचा धडा देते. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' ही दुसरी. ती उंबऱ्याबाहेरची, लाचारीची. पहिली जमाखर्चाची आणि दुसरी चाकरीची, अशी त्यांची वाटणी आपण मनात करून टाकलेली असते. एका पेढीवर साडेसहा वर्षे काढल्यावर मला मात्र या दोन म्हणींचे नाते फार जवळचे वाटू लागले. ज्याचे अंथरूण आखूड तोच अडतो. आणि जो अडला त्याला आपले अंथरूण आखूड कोणी केले, हे विचारायची सवड उरत नाही.

जून २००४ मध्ये मी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका पेढीवर हिशेबाच्या कामाला लागले. हळदीची अडत, गोदामे आणि मालवाहतूक असा तिचा एकत्र कारभार होता. पगार ३,६०० रुपये. यजमानांचे मोटार रिवायंडिंगचे लहानसे दुकान होते. उन्हाळ्यात विहिरींवरच्या मोटारी जळत, तेव्हा त्यांना रात्री बारापर्यंत फुरसत नसे. पाऊस सुरू झाला की दुकानात शुकशुकाट. अशा घरात दरमहा ठरलेली रक्कम येणे ही केवढी मोठी गोष्ट असते, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच ती ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी येते की नाही, याकडे माझे लक्ष पहिल्यापासून होते.

घरचा हिशेब लिहिण्याची पद्धत आमच्याकडे सासूबाईंची. त्यांचा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर चाले: दुधाचे खाडे, इस्त्रीचे कपडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख. मी त्यासाठी दोनशे पानी वही घातली. पेढीवर दिवसभर कीर्द-खतावणी करणाऱ्या बाईला घरची वही लिहायला रात्री दहा मिनिटे पुरत. वहीत जमेच्या बाजूला एक रकाना मी सहज म्हणून ठेवला होता. पगार किती, याच्या शेजारी पगार हातात पडल्याची तारीख. दीड वर्षाने वही संपली, तेव्हा तो रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. ७, ८, ७, ११, ९, १४, १२, १९ असा तो पुढे पुढे सरकत गेला होता आणि शेवटच्या चार महिन्यांत विशीच्या अलीकडे एकदाही आला नव्हता. त्याच काळात पेढीच्या कीर्दीत व्यापाऱ्यांची येणी वेळेवर जमा होत होती. ती नोंद माझ्याच हस्ताक्षरात होती. पैसे नव्हते म्हणून पगार लांबत होता असे नव्हे. आमची रक्कम बारा-तेरा दिवस बिनव्याजी वापरायला मिळत होती, म्हणून तो लांबत होता.

त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात पगाराची तारीख स्पष्ट होती. हजारापेक्षा कमी माणसे असतील तिथे महिना संपल्यापासून सातव्या दिवसाच्या आत, त्याहून मोठ्या ठिकाणी दहाव्या दिवसाच्या आत. कायद्याने एवढी बारीक गोष्ट सांगून ठेवावी याचे मला पूर्वी आश्चर्य वाटले असते. वहीतला रकाना पाहिल्यावर वाटले नाही. किराणावाला पाच तारखेला येतो, शाळेची फी दहा तारखेला भरायची असते, आणि पगार बावीस तारखेला येतो. या मधल्या दिवसांत माणूस उसने घेतो. आमच्या गल्लीत उसन्या पैशाचा दर शेकडा तीन रुपये होता, तोही महिन्याला. वर्षाचे छत्तीस झाले. पगार उशिरा देणारा मालक स्वतःचे व्याज वाचवतो आणि तेवढ्यावर न थांबता नोकराला दुसऱ्याच्या व्याजात ढकलतो. घरची आर्थिक ओढाताण हा घरच्यांचा दोष समजण्यापूर्वी ही तारीख पाहावी, असे माझे मत आहे.

दुसरा बोलका रकाना जाण्यायेण्याच्या खर्चाचा होता. त्या काळी दुकाने व संस्थांना लागू असलेल्या १९४८ च्या अधिनियमाप्रमाणे दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा होती. त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने मोबदला. आमच्याकडे सकाळी दहाला आलेली बाई रात्री साडेआठला निघे. तोपर्यंत माझी शहर बस गेलेली असे, म्हणून वडापने जावे लागे. महिन्याला अडीचशे ते तीनशे रुपये. म्हणजे जादा कामाचे पैसे मिळणे दूरच, त्या कामासाठी मीच पदरचे घालत होते.

तिसरा रकाना औषधांचा. आम्लपित्ताच्या गोळ्या आणि डोक्याला लावायचा बाम, एवढाच तो असे. हळदीचे सौदे जोरात असतात ते साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत. त्या दिवसांत यार्डात पाय ठेवायला जागा नसते आणि मान वर करायची उसंत नसते. तेव्हा डोके दुखले तर नवल नाही. पण पावसाळ्यात, माल नसताना, दुपारी दोन-दोन तास हातावर हात ठेवून बसण्याच्या दिवसांतही औषधांची रक्कम तेवढीच राहिली होती. कष्टाने माणूस थकतो. हंगाम संपला की थकवा उतरतो. जे हंगामाबरोबर उतरत नाही, त्याचे कारण कष्टात नसते. ते कुठे आहे हे शोधताना मला पेढीची गाडी आठवे. फाटकात तिचा हॉर्न वाजला की हातातले चहाचे ग्लास खाली ठेवले जात आणि चाललेले बोलणे अर्ध्या वाक्यात तुटे. बोलणे पावसापाण्याचे असले तरी तुटे.

सांगलीशेजारच्या हरिपुरात हळद साठवायची जमिनीखालची पेवे होती. २००५ च्या महापुराने त्यांची फार हानी केली. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे. झाकण काढून आधी हवा खेळू देत. आतली कोंदलेली हवा दिसत नाही आणि उतरलेल्याला ती कळेपर्यंत वेळ गेलेली असते. कामाच्या जागेचेही तसेच असावे. आत असलेल्याला तिथली हवा हीच हवा वाटते. जो दोन दिवस बाहेर जाऊन परत येतो त्यालाच ती जाणवते. त्या महापुरात पेढी आठ दिवस बंद होती. आम्ही शाळेच्या वर्गखोलीत मुक्काम केला. गैरसोय होती, डास होते, पाणी उतरल्यावर घराचे काय होईल ही धास्ती होती. आणि माझ्या डोक्याला बाम लावावा लागला नाही. परत गेलो तेव्हा कळले की ते आठ दिवस आम्हा सर्वांचे खाडे म्हणून लागले आहेत.

पेढीवर वारंवार ऐकू येणारे वाक्य म्हणजे 'आपण सगळे घरचेच'. नियुक्तिपत्र मागितले तर घरच्या माणसाला कागद कशाला? रजेची नोंद विचारली तर घरात कोणी रजा मोजते का? मूळ प्रमाणपत्रे मात्र घरच्या माणसांची असूनही मालकांच्या कपाटात कुलूपबंद होती. दोघातिघांना पगारपत्रकावर एका रकमेपुढे सही करून हातात दुसरी, लहान रक्कम घ्यावी लागे. आणि हजेरीपटावर नावे कायम एकोणीस. काम करणारे पंचवीस-सव्वीस असत. वीस नावे झाली की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू झाला असता. एकोणीस या आकड्याइतके प्रामाणिक आत्मचरित्र त्या पेढीने दुसरे लिहिले नसेल.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आमच्या दारात पोती उचलणारे हमाल माथाडी मंडळाकडे नोंदलेले होते. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या गोदी-बाजारांतल्या माथाड्यांना संघटित केले, त्या लढ्याचे ते फळ. या व्यवस्थेत मजुरी मंडळाकडे भरली जाते, मंडळ ती हमालाला देते आणि मालकाकडून वर आकारलेल्या रकमेतून फंड, सुट्टीचा पगार, बोनस या गोष्टी भागतात. म्हणजे घामाने भिजलेल्या बंडीतल्या त्या माणसाला म्हातारपणाची तरतूद होती आणि गादीवर बसून त्याचा हिशेब लिहिणाऱ्या आम्हा 'शिकलेल्यांना' ती नव्हती. तरीही कारकून मंडळी हमालांना 'ए' म्हणून हाक मारत आणि स्वतःला मालकाच्या बाजूचे समजत. पांढरपेशेपणाची ही किंमत कोणत्याच वहीत लिहिली जात नाही.

पेढीवरचे वडीलधारे हिशेबनीस आमचे अण्णा. मोत्यांसारखे अक्षर, तोंडी बेरीज यंत्राहून वेगवान. मोठ्या मुलीच्या लग्नासाठी त्यांनी मालकांकडून ४०,००० रुपये उचल घेतली होती. 'उचल' हा आपल्याकडचा फार जुना आणि फार समजूतदार दिसणारा शब्द. ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून ती घेतात आणि हंगामभर कोयत्याला बांधली जातात, हे आपण जाणतो. अंगावर पांढरा शर्ट असला की तीच उचल उपकार वाटू लागते. "व्याज एक पैसा घेतले नाही हो," असे अण्णा कौतुकाने सांगत. व्याज खरेच घेतले नव्हते. फक्त त्या वर्षापासून अण्णांची पगारवाढ थांबली होती. त्यांच्या बरोबरीच्या माणसाला त्या वर्षी ८०० रुपये वाढ मिळाली. महिन्याला ८००, वर्षाला ९,६००. चाळीस हजारांवर हे शेकडा चोवीस पडते. बँकेचे कर्ज त्याहून पुष्कळ स्वस्त पडले असते. हा हिशेब मी त्यांना कधी ऐकवला नाही, कारण तेव्हा तो ऐकून त्यांना करता येण्यासारखे काही नव्हते. देणे अंगावर असलेल्या माणसाला जागेचे दोष दाखवणे म्हणजे बांधलेल्या माणसाला वाट दाखवणे.

म्हणून माझ्या मते बचत आणि कामाच्या जागेची पारख ही दोन वेगळी शास्त्रे नाहीत. घरात चार महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत 'सगळीकडे असेच असते' हे वाक्य माणसाला खरे वाटते, कारण ते खरे वाटण्यावाचून गत्यंतर नसते. रक्कम जसजशी साठते तसतसे ते वाक्य पातळ होत जाते. हे पुस्तक हाती घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण दिवसाचे काम आटोपून रात्री अभ्यासाला बसत असतील. त्यांना हा अनुभव अगदीच परका नसावा.

बचत कशी केली, हेही सांगते. मात्र त्यात चमत्कार नाही. काटकसरीचे उपदेश मला आवडत नाहीत. चार-पाच हजारांत घर चालवणाऱ्या बाईला चहा कमी करा, भाजी संध्याकाळी घ्या, असे सांगणारे लोक तिचा अपमानच करत असतात. ते सगळे तिने आधीच केलेले असते. मला उपयोग झाला तो थोड्या जादा मिळकतीचा. १ एप्रिल २००५ पासून राज्यात मूल्यवर्धित कर आला आणि लहान दुकानदारांची कागदपत्रांशी गाठ पडली. आमच्या भागातल्या दोन किराणा दुकानांचे हिशेब मी रविवारी लिहू लागले. ते पैसे घरखर्चात मिसळायचे नाहीत, एवढाच नियम केला. महापुरानंतरच्या महिन्यात, सप्टेंबर २००५ मध्ये, पोस्टात १,००० रुपयांची पाच वर्षांची आवर्त ठेव उघडली. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या प्रतिनिधी असलेल्या एक बाई दरमहा घरी येऊन रक्कम नेत. त्या यायच्या ठरल्या तारखेला. पेढीपेक्षा त्यांची तारीख भरवशाची.

पोस्टाचे व्याज साडेसात टक्के होते. शेजारच्या पतसंस्थेत त्याहून कितीतरी जास्त मिळत होते आणि नातेवाईक मला वेड्यात काढत होते. बँकेतील ठेवीला तेव्हा १ लाखापर्यंत विम्याचे संरक्षण असे (२०२० पासून ते ५ लाख झाले), पतसंस्थेतील ठेवीला ते नसते, एवढे मला कामामुळे ठाऊक होते. पुढे राज्यात अनेक पतसंस्था अडचणीत आल्या आणि आमच्याच गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांनी दारात खेटे घातले. आडवेळेसाठी ठेवलेल्या पैशाने जास्त व्याज मिळवून देण्यापेक्षा वेळेवर परत येणे महत्त्वाचे. सासूबाईंचा कल सोन्याकडे होता. त्यावर आमचे बरेच बोलणे झाले, ते इथे नको.

सप्टेंबर २०१० मध्ये ठेवीची मुदत संपली. साठ हजारांचे सुमारे ७३ हजार झाले होते. आमचा महिन्याचा खर्च तेव्हा नऊ हजारांच्या आसपास होता. म्हणजे माझा पगार पूर्ण थांबला आणि दुकान अगदी बसले तरी आठ महिने चूल पेटणार होती. रविवारची दुकानेही आता पाच झाली होती. त्या दिवशी पेढीवर काही वेगळे घडले नाही. हॉर्न वाजला, ग्लास खाली ठेवले गेले. मी माझा चहा संपवला. एवढ्यानेच कोणी रागावले नाही, याचे मला थोडे हसूही आले.

जानेवारी २०११ मध्ये मी नोकरी सोडली. एक महिन्याची लेखी सूचना दिली, तिच्या प्रतीवर पोच घेतली. जाणाऱ्या माणसाचे नाव दुसऱ्या दिवसापासून घ्यायचे नाही, अशी तिथली रीत होती. ती माझ्याही बाबतीत पाळली गेली. प्रमाणपत्रे तीन फेऱ्यांनंतर मिळाली. मग मी उपदानासाठी, म्हणजे आपण ज्याला ग्रॅच्युइटी म्हणतो तिच्यासाठी, अर्ज केला. १९७२ चा तो अधिनियम दहा माणसे असलेल्या दुकानालाही लागू होता, त्यामुळे एकोणीस नावांची युक्ती इथे चालत नव्हती. सलग पाच वर्षे काम झालेले असावे. मग दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. आणि शेवटचे अपुरे वर्ष सहा महिन्यांहून अधिक असेल तर ते पूर्ण धरायचे. माझा शेवटचा पगार ७,८००. त्याला सव्वीसने भागले की ३००, पंधरा दिवसांचे ४,५००, सात वर्षांचे ३१,५००. कायद्याप्रमाणे रक्कम तीस दिवसांत द्यायची होती. अकरा महिने लागले, दोन नोटिसा पाठवाव्या लागल्या. मूळ रक्कम मिळाली, उशिराचे व्याज मिळाले नाही. ते मागायला मी पुन्हा गेले नाही. तोवर माझ्याकडे सात दुकानांचे काम होते.

त्या दिवाळीनंतर एके संध्याकाळी अण्णा घरी आले. फराळाची ताटली तशीच पुढ्यात ठेवून त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "वहिनी, तुम्हाला ते पैसे दिले म्हणतात. खरे का?" मी हो म्हटले आणि वहीचा कोरा कागद काढला. अण्णांची नोकरी बावीस वर्षांची, पगार ६,५००. सव्वीसने भागून २५०. पंधरा दिवसांचे ३,७५०. बावीस वर्षांचे ८२,५००. खाली त्यांच्या उचलीची शिल्लक मांडली, १४,०००. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खतावण्या लिहिलेले अण्णा त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "मग देणेकरी कोण?"

मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी बेरीज स्वतःच्या अक्षरात पुन्हा करून पाहिली होती आणि कागदाची घडी शर्टाच्या खिशात ठेवली होती. पेढीवर अर्ज द्यायला त्यांना त्यानंतर दीड वर्ष लागले.